नानांच्या संगमरवरावर लिंबाची फोड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडतो. माझ्या मूर्खपणाचा हा किस्सा आमच्या घरी अजून दर लग्नकार्यात निघतो, तेव्हा तुमच्यापासून काय लपवायचं?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथला शाळेत भूगोल शिकवायचो. वडील नव्हते, म्हणून धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या, लग्नाची बोलणी माझ्या गळ्यात. स्थळ बदलापूरचं, खरवईच्या नव्या बिल्डिंगमधलं. मुलगा सुनंदाला पसंत होता, पण तिची एकच अट होती. कारखान्याच्या लॅबमधली नोकरी ती सोडणार नव्हती. निघताना तिनं मला दारात बजावलं, "दादा, नोकरीचं बोलल्याशिवाय उठू नकोस."

मी आणि आई घर बघायला गेलो. मुलाचे वडील, नाना, कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. माणूस चांगला, पण आवाज असा की समोरच्यानं आपोआप मान डोलवावी. हॉलमध्ये पांढराशुभ्र संगमरवर नुकताच घातला होता. मे महिना होता. फरशीचा गारवा कळावा म्हणून सोफा असताना नानांनी आम्हाला खाली बसवलं.

पोहे आले. पहिल्याच घासाला नाना म्हणाले, आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत. आणि मी काय केलं असेल? दुसरा घास घेतला. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी बशी खाली ठेवली.

तेवढ्यात नानांनी विषय बदलला. शेजारचे कुलकर्णी म्हणे ही फरशी नकली आहे म्हणून सगळ्या बिल्डिंगभर सांगत होते. "मास्तर, तुम्ही भूगोलवाले. तुम्हीच सांगा, खरा की खोटा?"

झालं! अहो, मास्तरला प्रश्न विचारायचा असतो का? मी सुटलो. आपल्या डोंगरांचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो झिजतो, वाहून जातो, पाण्याखाली थरावर थर बसून त्याचा गाळाचा खडक होतो. समुद्रात शिंपल्यांचा थर साचला तर चुनखडी. ती जमिनीत खोल गेली, तापली, दबली की संगमरवर. अजून खोल जाऊन वितळलं की पुन्हा लाव्हा. नाना तोंड उघडं ठेवून ऐकत होते. मी म्हटलं, खरा संगमरवर आंबटानं फसफसतो. आणि पोह्यांवरची लिंबाची फोड उचलून फरशीवर पिळली.

बारीक बुडबुडे आले. नाना इतके खूश झाले की कुलकर्ण्यांना आणायला तसेच अनवाणी धावले.

आईनं पदरानं रस पुसला. खाली रुपयाएवढा डाग! चकाकी पार गेलेली. आमच्या घरी पितळी समया लिंबानं घासल्या की लखलखतात, एवढंच मला त्या क्षणी आठवलं. उरलेली फोड घेऊन मी घासायला लागलो. डाग पुरीएवढा झाला. आणखी जोर लावला, भाकरीएवढा झाला. वर्गात मी मुलांना झीज शिकवायचो, इथे स्वतःच्या हातानं करत होतो. जिन्यात पावलं वाजली आणि मी सरकून त्या डागावर मांडी ठोकली.

कुलकर्णी आले. नाना म्हणाले, मास्तर उठा, तुमचा प्रयोग कुठे केलात तो दाखवा. मी उठेना. बरं, आधी गच्चीवरून डोंगर तरी बघू. मी उठेना. नानांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, पाहुणे रुसले का? वरून नानांचा दाब, आतून उकाडा. पाच मिनिटांत माझाच रूपांतरित खडक झाला.

शेवटी आई शांतपणे म्हणाली, "मुलीच्या नोकरीचं ठरल्याशिवाय तो उठायचा नाही."

नाना गरजले. घराण्याची रीत झाली, लोक काय म्हणतील झालं. मी ढिम्म. ढिम्म म्हणजे काय, मला दुसरा इलाजच नव्हता! बऱ्याच वेळानं नाना थकले. मग त्यांचे डोळे चक्क पाणावले. "बहिणीसाठी असा अडून बसणारा भाऊ मी पाहिला नाही. करू दे तिला नोकरी. आता तरी उठा." आणि त्यांनी माझा हात धरून मला उभं केलं.

कुलकर्णी वाकले, डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाना, माझं चुकलं. मार्बल खरा आहे."

नानांनी शब्द पाळला, हे त्यांचं मोठेपण. सुनंदानं पुढे त्याच लॅबमध्ये सुखानं नोकरी केली. डागावर टीपॉय आला. माझ्या पोह्यांवर मात्र त्या घरात नंतर कधी लिंबू आलं नाही. मी दारात दिसलो की नाना आत हाक मारून सांगायचे, "मास्तरांना लिंबू देऊ नका गं, पुन्हा उठायचे नाहीत."