मैत्रिणीच्या भावाचा अर्धा हिस्सा

मेहरूणकडचा हा फ्लॅट मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून घेतला. जळगावच्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो. दोघीही बिनलग्नाच्या आणि भाड्याच्या घरांना कंटाळलेल्या. खरेदीखतावर दोघींची नावं लागली. मृत्युपत्र करून ठेवावं, हे मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

ती गेली आणि वर्षश्राद्धाच्या आतच तिच्या भावाच्या वकिलाची नोटीस आली. भाऊ चोपड्याकडचे, केळीची शेती करणारे. आईवडील हयात नव्हते, दुसरं भावंड नव्हतं. त्यामुळे तिचा अर्धा हिस्सा कायद्याने त्यांचा झाला होता आणि त्यांना वाटणी हवी होती. दोन खोल्यांच्या घराची वाटणी म्हणजे शेवटी घर विकणंच, असं माझ्या वकिलांनी समजावलं तेव्हा मी त्यांच्या ऑफिसातच रडले. लग्नाला नाही म्हटलं म्हणून माहेरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दवाखान्यात महिनाभर तिच्या उशाशी मी एकटी होते. आणि आता हे हिस्सा मागतात, याचा मला फार राग होता.

कोर्टाने प्रकरण आधी मध्यस्थीसाठी पाठवलं. मध्यस्थ म्हणून एक वकीलबाई होत्या. त्या आधी आमच्याशी वेगवेगळं बोलल्या, मग समोरासमोर बसवलं. तिचे भाऊ, नाना, सत्तरीच्या पुढचे. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. घर विकून आलेल्या पैशाचं काय करणार, असं बाईंनी त्यांना विचारलं.

"माले पैसा नको," ते म्हणाले. "मनी बहीण कशी राहे, ते माले देखनं शे."

मग त्यांनी सांगितलं की ती गेल्यावर, ती कशी राहायची ते बघायला, ते दोनदा जळगावला आले होते. दोन्ही वेळा वॉचमनने, बाई घरी नाहीत म्हणून खालूनच परत पाठवलं. दावा लावला तर समोर यावंच लागेल, असं शेवटी कुणीतरी त्यांना सुचवलं.

मी दोन्ही वेळा घरी होते. वॉचमनला मीच तसं सांगून ठेवलं होतं. ते मी तिथे कबूल केलं. त्याहून अवघड गोष्ट अजून बोलायची राहिली होती.

"नाना, तिच्या आजाराचं तुम्हाला कळवू नको, असं तिनं मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ते सुनेला घेऊन घरी आले. बहिणीच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले. मोजून पाच-सहा प्रश्न विचारले : जेवण नीट जायचं का, शेवटी फार दुखलं का, शाळेतल्या मुली भेटायला यायच्या का. मुली यायच्या, असं सांगितल्यावर त्यांनी सुनेकडे पाहिलं, जणू ही गोष्ट तिनंही ऐकावी. जाताना बहिणीचा चष्मा मागून घेतला. मी दिला, पण तो देताना हात आखडला, हे खरं.

दोन-तीन तारखांनंतर तडजोड लिहिली गेली. मी हयात असेपर्यंत इथे राहायचं, घर कुणी विकायचं नाही. माझ्यानंतर विकून दोन्हीकडच्या वारसांनी निम्मं-निम्मं घ्यायचं. सोसायटीच्या कागदावर तिच्या जागी नानांचं नाव लागलं. ते पाहून मला दोन दिवस काही गोड लागलं नाही. कायद्याने बरोबर होतं, मी सहीही स्वतः केली होती, तरीही.

आता डोळे तपासायला नाना जळगावला येतात, तेव्हा इथेच उतरतात. हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपतात. तिच्या खोलीत झोपा, असं मी एकदा सुचवलं, तर नको म्हणाले. मीही परत आग्रह केला नाही.