पळी सोमनाथकडे आलीच नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — नीट कळत नाही. कदाचित तुम्ही त्या स्वयंपाकघरात नव्हता, म्हणून.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नाशिकच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मी राहत होतो. वडील मनमाडला रेल्वेत खलाशी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. 'कमवा आणि शिका' योजनेत आम्ही पाच जण मेसमध्ये काम करायचो — कणीक मळायची, भाजी चिरायची, वाढायचं, भांडी घासायची. त्याच्या बदल्यात राहणं-जेवण फुकट. हे काम गेलं असतं तर आमच्यापैकी एकालाही नाशकात राहणं परवडलं नसतं.

आमच्यात भांडणं फार. उशिरा कोण उठलं, कढई कोणी तशीच ठेवली. योजनेचे सर पुण्याला कसलंसं शिबिर करून आले आणि त्यांनी ठरवलं, की शनिवारी दुपारी भांडी झाल्यावर आम्ही गोल बसायचं. आठवडाभर एकमेकांशी कसे वागलो, काय सुधारता येईल, ते बोलायचं. बैठक मी चालवायची. मी नीट बोलतो म्हणे! सुट्टीत आईला सांगितलं, तर तिला वाटलं मला नोकरीच लागली.

नियम माझे. आमटीची मोठी पळी घ्यायची. ज्याच्यापाशी ती, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं तर आपल्याकडे पळी आल्यावर. आणि इथलं बोलणं इथंच राहील — हे वाक्य मी दर शनिवारी म्हणायचो.

पहिल्या दिवशी विंचूरच्या भाऊसाहेबानं पळी माइकसारखी धरली. "हॅलो हॅलो, आजचा कांद्याचा भाव ऐका!" सगळे हसले. पण हळूहळू जमत गेलं. खरंच जमलं. पेठकडचा सोमनाथ एरवी दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. माझ्या डाव्या हाताला बसायचा. पळी आली की खाली बघत बोलायचा. एकदा म्हणाला, "मला कोणी नावानं बोलवतच नाय. नुसतं 'ए' म्हणता." त्यानंतर आम्ही त्याला नावानं हाक मारायला लागलो.

मग एका शनिवारी भाऊसाहेब म्हणाला, "सकाळी मी पेंगतो ना, त्याचं खरं सांगू? खोलीत मावसभाऊ हे माझा. लय दिवस झाले. एका खाटेवर दोघं झोपतो. त्याच्यासाठी भाकरी मी इथूनच नेतो." आम्ही ऐकून पळी पुढे दिली. नियमच तसा. पळी सोमनाथकडे आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सकाळची कणीक मी मळीन. तू झोप."

त्याच आठवड्यात खोलीची झडती झाली. मावसभावाला ट्रंकेसकट बाहेर काढलं, आणि भाऊसाहेबाला शेवटची ताकीद मिळाली.

त्यानंतरचे दिवस — कसे सांगू? दोघं बोलत असले की तिसरा आत येताच गप्प. कोणी पाणी प्यायला बाहेर गेलं तरी बाकीचे दाराकडे बघायचे. तुम्हीही आता माझ्याकडे तसंच बघत असाल, नाही का?

पुढच्या शनिवारी भाऊसाहेबानं पळी घट्ट धरली. "आपल्या पाचांतच कोणीतरी चुगलखोर हे. आईची शप्पथ, कळू दे फक्त." दुसऱ्या दोघांनी मान हलवून पळी पुढे दिली. ती माझ्याकडे आली. मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "मी कोणाचं नाव घेत नाही. पण सरांच्या घरी कोण जातं, ते ज्याचं त्यानं मनाशी बघावं."

सरांच्या घरी दर रविवारी सोमनाथ जायचा. सरांच्या पत्नी त्याला इंग्रजी शिकवायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

सोमनाथनं पळीसाठी हात पुढे केला. नखांत वाळलेलं पीठ होतं — एवढं अजून दिसतं मला. मी त्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि म्हणालो, "नळाचं पाणी जाईल आता. आज इथंच थांबू." उठलो आणि पळी खिळ्याला अडकवली.

पळी नाही तर बोलणं नाही. आणि सोमनाथनं नियम पाळला. आमच्यात तो एकटाच नियम पाळणारा होता.

सरांना मी सांगितलं होतं.

व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "काय रे, पोरं मोकळं बोलतात का?" मी म्हणालो, "हो सर, इतकं की भाऊसाहेबानं खोलीत ठेवलेला भाऊसुद्धा सांगून टाकला." तोंडातून निसटलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. निसटलं नव्हतं. मला शाबासकी हवी होती. पुढे सरांवरही संशय घेऊन पाहिला — त्यांनी या बैठका त्यासाठीच सुरू केल्या असतील का? असतीलही. पण पळी सरांच्या हातात नव्हती.

त्या दिवसापासून सोमनाथला कोणी नावानं हाक मारली नाही. 'ए'सुद्धा नाही. परीक्षेआधीच त्यानं काम सोडलं, म्हणजे खोलीही सोडली, कॉलेजही. जायच्या दिवशी पंचा घ्यायला स्वयंपाकघरात आला. मी एकटाच कांदा चिरत होतो. "माझ्याकडं पळी आलीच नाय," तो म्हणाला. रागानं नाही. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं. याला कळलंय का? तेवढंच मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत होतो. आणि विचारलं काय — "बस कितीची आहे?"

तो गेल्यावर आमच्यात एकही भांडण झालं नाही. सर बाहेरच्या प्राध्यापकांना घेऊन आले, आमचा गट दाखवायला. पळी फिरायची. जो तो म्हणायचा, काम बरं चाललंय, आणि पुढे द्यायचा. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. तिच्या पलीकडे भाऊसाहेब. त्याच्यापर्यंत पळी पोचवायला मला हात थोडा लांब करावा लागायचा. मी करायचो.