पाच, अकरा की एक?

दुबईच्या देरा भागात घर झाडणारा माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. वाळू संपत नाही. सकाळी उंबऱ्याबाहेर लोटावी, तर दुपारी ती परत आत. आमच्या जमातीच्या किश्शांचं तसंच आहे. सांगून संपले असं वाटतं, तेवढ्यात कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, "अरे, ते पंचांच्या मतदानाचं सांग ना!"

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. दुबईत तेव्हा रत्नागिरी आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे आम्ही मूठभर मुसलमान. कोणी लाँचवर, कोणी बंदरात, कोणी शिलाई मशीनवर. बायकामुलं गावी. दर जुम्म्याला नमाजनंतर जमातीच्या खोलीवर एकत्र जेवायचं, हा रिवाज. कारभार पाच पंचांकडे, आणि त्यांचे प्रमुख युसूफचाचा, गलबतावरचे जुने तांडेल.

चाचांचे मुलगे गावाहून सारखे निरोप पाठवायचे, "बावा, आता घरी या." चाचांचं उत्तर ठरलेलं, "मग पंचायत कोण बघणार?" दुबईत राहायला त्यांच्याकडे दुसरं कारणच नव्हतं. आणि गावी जायची इच्छा तर मुळीच नव्हती. म्हणायचे, "सून चांगली आहे रे, पण चहा देताना माझ्या पथ्याचं भाषण करते!"

•

खोलीवर पहिला पंखा आला तेव्हा भांडण पेटलं. पंख्याखाली कोणाची पथारी? एक म्हणाला, मी आधी आलो. दुसरा म्हणाला, मला दमा आहे. तिसऱ्याला त्याच संध्याकाळी दमा झाला!

चाचांनी पंखा सुरू करायला लावला, थोडा वेळ वर बघत बसले आणि निकाल दिला.

"पंखा एका जागी फिरतो. म्हणून तुम्ही जागा फिरवा. दर जुम्म्याला पथारी एक घर पुढे!"

•

तरीही पाच पंचांवर नाराजी होतीच. शिपिंग ऑफिसात टायपिस्ट असलेला इब्राहिम, ज्याला आम्ही मास्तर म्हणायचो, तो एका मीटिंगमध्ये उभा राहिला. "पाचही पंच कोकणातल्या खाडीच्या एकाच बाजूच्या गावांचे! हा इन्साफ आहे? अकरा गावांची माणसं आहोत, अकरा पंच करा. गावामागे एक, त्या त्या गावाने निवडलेला."

आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, लतीफ तांदूळ निवडता निवडता म्हणाला, "मास्तर, आमच्या गावचा इथे मी एकटाच."

"मग तूच उमेदवार."

"आणि मत कोण देणार?"

"तूच!"

लतीफने बराच विचार केला. "आणि हरलो तर?"

•

मास्तरच्या ठरावाविरुद्ध कासिम टेलरने आपला ठराव आणला. पंच नकोतच. सगळ्यांनी मिळून एकच मुखत्यार निवडायचा. "एक बटण लावायला अकरा सुया लागतात का?" हे त्याचं भाषण. सुरुवात आणि शेवट त्यातच.

मास्तर ओरडला, "आणि सुई मोडली तर?"

"तर दुसरी घेऊ! अकरा मोडल्या तर काय करशील?"

प्रचारात मात्र कासिम हुशार निघाला. शर्ट शिवायला येणाऱ्या प्रत्येकाला तो गळ्याचं माप घेतानाच विचारायचा, "काय मग, मत कोणाला?" टेप गळ्याभोवती असताना नाही कोण म्हणणार!

मास्तर काही कमी नव्हता. गावाला पाठवायचे अर्ज तो फुकट टाइप करून द्यायचा आणि कागद मशीनमधून काढण्याआधी तोच प्रश्न विचारायचा.

•

या गडबडीत एक दिवस आमचा म्हातारा अरब घरमालक आला. गलका ऐकून त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "झगडा कशाचा?"

मास्तर म्हणाला, "प्रमुख कसा निवडायचा, त्याचा."

"आत्ता प्रमुख कोण आहे?"

"युसूफचाचा."

"मेला?"

"नाही, हबीबी! ते काय, समोर बसलेत."

घरमालकाने चाचांकडे नीट पाहिलं, मग आमच्याकडे. "मग?"



•

मतदानाला दोन मडकी ठेवली. एक अकरा पंचांच्या ठरावाचं, एक मुखत्याराच्या. ठराव मान्य असेल तर खजुराची बी टाकायची, मान्य नसेल तर खडा. ठराव दोन्हींतला कुठलाही मंजूर झाला, तरी जुने पाच पंच जाणार आणि चाचांची खुर्ची जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चाचांनाही.

पहिलं मडकं ओतलं. सगळ्या बिया! मास्तरने टोपी उडवली. दुसरं ओतलं. त्यातही सगळ्या बिया! खडा एकही नाही, ना इथे ना तिथे.

म्हणजे मास्तरने कासिमला होय म्हटलं होतं आणि कासिमने मास्तरला! दोघं एकमेकांकडे बघायचं टाळू लागले. मग कासिमच्या डोक्यात आणखी एक गोष्ट शिरली.

"चाचा... तुम्हीपण?"

"काय करू? दोघंही घरी आलात, चहा प्यालात, मत मागितलंत. घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

मग टोपी सारखी करत चाचा उठले. "दोन्ही मंजूर. पाच पंच खलास. मी पुढच्या शनिवारच्या बोटीने मुंबईला निघतो."

•

पुढचा जुम्मा आला. चाचा आले, पण नेहमीच्या जागी न बसता दाराशी, चपलांजवळ बसले. सामान बांधून झालं होतं. बोट दुसऱ्या दिवशी होती.

लतीफने भाताची डेग आणून मधोमध ठेवली. आमच्यात डेगेचं झाकण प्रमुखाने काढायचं, मगच वाढायला सुरुवात. झाकण कोणीच काढेना. अकरा गावांपैकी सहांनी अजून पंच निवडला नव्हता, आणि मुखत्याराच्या जागेला कासिम आणि मास्तर दोघंही उभे होते. मास्तर म्हणाला, "कासिम, तू काढ." कासिम म्हणाला, "छे छे, मास्तर, तू." दोघांनीही हात पुढे केला नाही.

लतीफ वैतागला. "यल्ला, चला, काढा कोणीतरी! गिच्च खिमट होईल भाताचं!"

शेवटी कासिम उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. "चाचा, आजच्यापुरतं झाकण तुम्ही काढा. ते कोणी काढायचं, हे आम्ही जेवल्यावर ठरवतो."

"आणि जेवून ठरलं नाही तर?"

"तर पुढच्या जुम्म्याला ठरवू."

"उद्या माझी बोट आहे."

"बोट काय, दर पंधरवड्याला असते," मास्तर घाईने म्हणाला.

चाचा सावकाश उठले. झाकण काढलं. वाफेत चेहरा धरून क्षणभर उभे राहिले, दोन शितं उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले,

"मीठ कमी आहे. कोणाला सांगू? अकरांना, की एकाला?"