खोटी ठरवलेली दुर्बीण
शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला लातूरमधली ती दुपार आठवते. महायुद्धातल्या जर्मन बंदुकांवरच्या दुर्बिणी आणि त्या बसवायच्या पोलादी बैठका जमवायचं मला वेड होतं. हैदराबाद-पुण्याचे भंगारबाजार पालथे घालून हाती आली होती फक्त एक रिकामी बैठक. तिलाच मी शिवणयंत्राचं तेल लावत बसे. भूकंपानंतरच्या वर्षी, माझा कोचिंगचा वर्ग सुटल्यावर, शिरूर अनंतपाळचा माझा किराणा दुकानदार मित्र फडक्यात दुर्बीण गुंडाळून घेऊन आला. पडलेली भिंत उपसताना त्याला वडिलांची पेटी सापडली होती. "दादा म्हणायचे, लढाईतून आणली, जर्मनाची हाय. गावानं लई टिंगल केली त्यांची. सर, तुम्हीच सांगा, खरी हाय का?" भिंगं स्वच्छ होती, काळा रंग शाबूत, कारखान्याची खूण ठळक. मी जिच्यासाठी वणवण केली, ती या तूरडाळ तोलणाऱ्याला घरबसल्या मिळावी! माझा नुसता जळफळाट झाला. "नकली आहे," मी म्हणालो. तो कसनुसा हसला. "म्हंजे दादा थापाच मारत व्हते म्हणा की. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, पोरांना भिंगं शिकवायला." तो गेल्यावर मी ती बैठकीवर सरकवली, खट्‌कन बसली. मित्र आता नाही. दुकानावर त्याचा मुलगा बसतो. उद्या दुर्बीण बैठकीसकट त्याच्यासमोर ठेवणार आहे आणि गिऱ्हाइकांदेखत सांगणार आहे, की तुझे आजोबा खरं बोलत होते. थाप मी मारली होती.