पेटीबाईंचा सतराचा पाढा

आमच्या पेटीबाई घड्याळ वापरत नसत. स्टोव्हवर अंडं उकडायला ठेवलं की त्या एक गीत सुरू करत आणि चौथं कडवं संपलं की अंडं उतरवत. शिरूरच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या, म्हणून पेटीबाई.

मी निमोण्याची, मेंढपाळांच्या घरातली. पाढे काही केल्या डोक्यात राहत नव्हते. एकदा बाईंनी विचारलं, "घरी कुणी गातं का गं?"

"आमचं आबा गात्यात. ओव्या."

"तुला येतात?"

"व्हय. समद्या पाठ हायेत."

"मग तुझं डोकं उत्तम आहे. पाढ्याला चाल नाही, एवढंच."

त्यांनी आबांना शाळेत बोलावलं, दोनदा गायला लावलं आणि त्या ओवीवर सतराचा पाढा बसवला. आबा पटका सावरत हसले, "मेंढरांमागच्या गाण्यात गणित बसवलं म्हंजी!" आठ दिवसांत सगळा वर्ग तो पाढा गात होता.

पुढे लग्न होऊन मी दौंडला आले. बऱ्याच वर्षांनी एका दुपारी शेजारच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी फोन आला. बाईंची धाकटी बहीण, एस्तेरमावशी, रडत होती. "ताईला अर्धांगाचा झटका आलाय. उजवा हात गेला, वाचाही गेली."

मी गेले तेव्हा बाईंच्या तोंडून फक्त "हे, हे" एवढंच येत होतं. बोलणं परत येणं अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी वर्गाचा जुना फोटो दाखवला. एकेका चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. ओळख होती, नाव ओठांवर येत नव्हतं. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला दुसरं काही सुचेना. कोपऱ्यातली पेटी ओढली आणि सतराचा पाढा म्हणायला लागले. पाचापर्यंत गेले आणि अडकले. खरंच आठवेना. पुढचा आकडा खाटेवरून आला. सुरात, स्वच्छ. त्यापुढचाही. मी नुसता भाता हलवत राहिले आणि बाई "सतरा दाहे एकशे सत्तर"पर्यंत जाऊन थांबल्या.

मग दर रविवारी मी शिरूरची एसटी धरू लागले. जे बोलून येत नव्हतं ते गाऊन येत होतं. 'पाणी दे', 'दार लाव', 'चहा गोड झालाय' अशी वाक्यं आम्ही एकेक करून त्याच चालीत बसवली. मावशी डोळे पुसत म्हणायची, "आता दिवसभर कामं सांगेल बघ!"

सहा महिन्यांनी बाई काठी टेकत मला स्टँडवर पोचवायला आल्या. मावशीने त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "ताई, इथं गाऊ नकोस हं, लोक बघतात." बाई थेट कंडक्टरसमोर उभ्या राहिल्या आणि खड्या आवाजात गायल्या, "माझी मुलगी दौंडला चालली, तिला खिडकीची जागा द्या!"

बाकावरचे दोघे हसले. बाईंनी तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत गायलं. कंडक्टरने तिकिटांची पेटी काखेत मारली आणि मान तुकवली. "देतो की, बाई. न्हाई कशाला म्हनू?"

मी खिडकीपाशी बसले. गाडी हलली तरी मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. ते वाक्य आम्ही कधीच बसवलं नव्हतं. ते बाईंनी स्वतः रचलं होतं.