कोशाच्या धाग्यावर पाहिलेली मेहंदी

आंधळगावात हातमागावर बसणाऱ्या माणसाला कुणी रंगाबद्दल शिकवू लागलं की त्याचं डोकं तडकतं. माझं जरा जास्तच. उभा जन्म मी कोसा विणला आहे. रानातल्या किड्याच्या कोषातून निघणारं हे रेशीम कोणता रंग किती पितं, कोणता धुतला की जातो, हे मला पाठ आहे. म्हणून बायकोच्या केसांना मेहंदी लावायची वेळ आली तेव्हा मी कुणालाही विचारायला गेलो नाही.

त्याआधीचं वर्ष तिच्या आजारपणात गेलं होतं. नागपूरला केमोचे सहा फेरे झाले. दुसऱ्या फेऱ्यानंतर तिची कमरेपर्यंतची वेणी गेली. आजार हटला, केस परत आले, पण आले ते बोटभर आणि कापसासारखे पांढरेफेक. तिने डोक्याला ओढणी बांधली ती कायमची. दवाखाना सोडला तर ती उंबरठ्याबाहेर पडेना. कुणी भेटायला आलं तर आतल्या खोलीत धाग्याच्या कांड्या भरत बसायची. आंघोळीनंतर ती ओढणी सोडून केस पुसायला लागली की मी उठून मागाकडे जायचो. तिला संकोच वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

मग अड्याळहून तिच्या बहिणीचा रोज फोन सुरू झाला. तिच्या मुलीचं लग्न होतं. या भाचीला माझ्या बायकोने लहानपणी दोन वर्षं आमच्या घरी सांभाळलं होतं. फोन ठेवला की ही परत आतल्या खोलीत जायची. एका दुपारी कांडी भरता भरता म्हणाली, "केस जरासे बरे दिसते तं गेली असती मी."

वर्षभरात तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, काळा रंग अजिबात नको, साधी मेहंदी चालेल, पण शुद्ध पाहून घ्या आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघा.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला गेलो. पहिल्या दुकानदाराने "काळी मेहंदी" म्हणून एक डबी पुढे केली. मेहंदी काळी कधीपासून झाली, असं मी त्याला विचारलं. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात रसायनांची अर्धा डझन नावं. "काका, सगळेच नेतात," तो म्हणाला. सगळे नेतात म्हणून मी न्यावी हे मला पटत नाही. डबी परत केली. मग हिंडून तीन ठिकाणची तीन पाकिटं घेतली आणि घरी येऊन पांढऱ्या कापडाच्या ओल्या तुकड्यावर तिन्हीची चिमूट चिमूट टाकली. एकीतून लगेच पोपटी हिरवा रंग पसरला. वाळलेल्या पाल्याला इतका हिरवेपणा कुठून येणार, वरून रंग घातलेला होता. दुसरी बोटांत चोळली तर रेती लागली. तिसरी दिसायला मळकट, पण वास वाळल्या गवताचा, आणि मलमलच्या फडक्यातून गाळली तर पिठीसारखी उतरली. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"पोरीसाठी नवरा पाहाले गेलो होतो तवा एवढी चौकशी नोयती केली तुम्ही," ती म्हणाली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला आता पक्की खात्री हवी होती. केस आणि रेशीम यांची जात एकच, दोन्ही जिवाच्या अंगातून निघालेले, म्हणजे रेशमावर जे चढेल ते केसावर चढेल, हा माझा हिशेब. माळ्यावरून कोशाच्या उरलेल्या धाग्याची एक लडी काढली आणि तिचा तुकडा कोमट पाण्यात भिजवलेल्या मेहंदीत चार तास बुडवून ठेवला. धुऊन वाळवला तेव्हा असा रंग निघाला की मीच पाहत राहिलो. गडद, तांबूस, काताच्या वडीसारखा. शेजारच्या विणकराला दाखवला, किराणावाल्याला दाखवला. बायकोलाही हातात दिला. तिने उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आला."

कोपरावर लावलेल्या मेहंदीने रात्रभरात काही खाज-पुरळ उठली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात पाट मांडला. ती पाटावर, मी तिच्या मागे स्टुलावर. तिने ओढणी सोडली आणि मांडीवर घडी करून ठेवली.

मेहंदी पायलीभर कालवलेली, आणि माझे हात नुसतेच वाडग्यात. कुठून सुरुवात करावी कळेना. इतक्या जवळून मी ते डोकं पाहिलंच नव्हतं. कानामागे कातडी अगदी पातळ, निळी शीर दिसत होती. शेवटी मागावर ताण्याचे धागे वेगळे करतात तसा एक बारीक भांग पाडला, बोटाने मेहंदी भरली, मग दुसरा. हळूहळू हात बसला. तिचं डोकं माझ्या तळहाताला ऊबदार लागत होतं. मी आपला रंगाच्या गोष्टी सांगत सुटलो, सोडा किती, पाणी किती, कोणत्या गिऱ्हाईकाने कोणत्या रंगावरून भांडण काढलं. ती डोळे मिटून बसली होती. बोटभर केसांना असा किती वेळ लागणार, पण मधेच म्हणाली, "घाई कायची हाये? मुळापासून लावा." दोन तास गेले.

दुपारी तिने डोकं धुतलं आणि टॉवेल काढला. केस नारिंगी झाले होते. तांबूस नाही, काताचे नाही, सोललेल्या गाजराचे.

चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. कोसा मुळात पांढरा नसतो. तो मधाच्या रंगाचा असतो, भुरा. भुऱ्यावर मेहंदी चढली की गडद दिसणारच. पांढऱ्या केसाला आतून असा काही आधार नसतो, तिथे मेहंदीचा उघडा रंगच दिसतो. काल रंगखात्यात आलेल्या माणसालाही हे कळलं असतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "चहा ठेवू का?" एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, दोन दिवसांत रंग मुरून गडद होईल, पण लग्न तर उद्याच आहे, आपण जायला नको, मी फोन करून सांगतो. तिने चहात साखर घातली आणि म्हणाली, "जायचं तं हाये."

सकाळी ती तयार झाली तेव्हा ओढणी खुंटीवरच होती. डोक्यावर फक्त साडीचा पदर. एसटीत पदर दोनदा वाऱ्याने सरकला, पुढच्या बाईने वळून पाहिलं. मीच तिला या नजरांच्या हवाली केलं होतं.

मांडवात पोचताच बायकांनी तिला गराडा घातला. मी दूर पुरुषांत खुर्ची घेऊन बसलो, पण कान तिकडेच. मला वाटलं होतं तशी कुणी तब्येत विचारली नाही, गोळ्या विचारल्या नाहीत, "बिचारी" म्हणून कुणी गालाला हात लावला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत भरले ते नारिंगी केसच. "काव, हे काय करून ठेवलं?" "कोणत्या पार्लरात गेली होती?" ती सांगत होती, "आमच्या घरी रंगारी हायेत ना." हसणं ऐकू आलं, त्यात तिचंही होतं.

जेवणं झाल्यावर मी पाणी प्यायला मांडवामागे गेलो. पडद्याच्या पलीकडे दोघी बहिणी बसल्या होत्या.

"कोशाच्या धाग्यावर पाहून लावली म्हणतेस," बहीण म्हणत होती. "कोसा तं भुराच रायते."

"मले नाही मालूम का? मांडीवर तोच धागा वळण्यात जन्म गेला माहा. हातात घेतला तवाच समजलं, पांढऱ्या केसावर हा नाही येत."

"मंग बोलली काहून नाही?"

ती म्हणाली, "सालभर यायनं माह्या डोक्शाकडं पाह्यलं नोयतं. केस पुसाले घेतले का उठून जात. मले वाटे, आता किळस येते यायले. लोकायचं काय, लोकायसाठी नाही बसली मी घरात. त्या दिवशी डोक्शाले हात लावाले तयार झाले. मी बोलली असती तं थांबले असते ना."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी तसाच खाली ठेवला. लाज वाटली, आणि तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की काय करावं समजेना. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तिला वर्षभर असं वाटत राहिलं, आणि मी मागावर खटखट करत बसलो होतो.

पडदा सरकवून मी आत गेलो. मला पाहून ती दचकली आणि सवयीने पदर डोक्यावर ओढू लागली.

मी तिचा हात धरला. "राहू दे," मी म्हणालो. "मले पाहू दे."