मांडवातल्या बैठका
हळद लावलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठीत घेतल्या, की त्या वासाबरोबर मला चांदूर बाजारचं ते लग्न आठवतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. वडील भिक्षुक, मी त्यांच्या मदतीला. सत्तरीतही रोज पहाटे बैठका मारत मारतच ते सगळं पाठांतर म्हणायचे. त्या दिवशी मंगलाष्टकांचा तिसरा श्लोक संपला आणि चौथा त्यांना आठवेना. अंतरपाट धरलेला, माणसं अक्षता घेऊन ताटकळलेली. वडिलांनी धोतर सावरलं आणि तिथेच बैठका सुरू केल्या. "बुढा कसरत कावून करून राहिला?" वरपक्षातलं कोणीतरी बोललं आणि सगळा मांडव हसला. माझे कान तापले. मी दंडाला धरून त्यांना थांबवलं आणि पुढचे श्लोक स्वतःच म्हणून टाकले. परतताना बैलगाडीत ते म्हणाले, "दुसऱ्याच बैठकीले आठवलं होतं मले. पन तू सुरू केलं होतं." त्यानंतर त्यांनी एकही लग्न लावलं नाही. आता माझंही पाठांतर अडतं. मग मीही बैठका मारतो, आणि श्लोक येतोही. फक्त आधी दार लावून घेतो.